पाट्याच्या पोटातली चीर

माझे लहानपण जुन्या नाशकातल्या एका वाड्यात गेले. त्या वाड्याच्या बोळाशी वर्षातून एकदोनदा, बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी, मसाल्याचे आणि पापडांचे दिवस सुरू होण्याआधी, एक बाई येई आणि हाळी देई, “पाट्याला टाकी लावायची का, टाकीऽऽ!” ती हाळी ऐकली की आजी हातातले काम टाकून ओसरीवर येई. वर्षभर वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा, त्याचा वरवंटा आणि माजघरातले जाते अशी तीन कामे तिच्यासाठी राखून ठेवलेली असत. ती बाई मांडी घालून बसे, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली टाकी आणि हातोडी बाहेर काढी आणि दगडावर एकसारख्या अंतराने बारीक खाचा पाडत जाई. तिच्या हाताचा ताल इतका सारखा असे की डोळे मिटून ऐकले तर एखादे यंत्र चालले आहे असे वाटावे.

मात्र काम सुरू करण्याआधी ती एक गोष्ट न चुकता करी. हातोडीच्या दांड्याने पाट्यावर चार-पाच ठिकाणी हलकेच ठोकी आणि मान कलती करून ऐके. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा तिने असे ठोकून पाहिले, पुन्हा एकदा ठोकले आणि म्हणाली, “आई, ह्याच्या पोटात चीर हाय. टाकी लावून देते, पर खोबरं फोडू नका ह्याच्यावर. दोन पावसाळे काढंल.” आजीने पाटा उजेडात नेऊन उलटसुलट पाहिला. मीही त्याच्यावरून बोटे फिरवली. काळ्या दगडावर केसाएवढीही रेघ दिसत नव्हती. आजीने तिचे पैसे आणि भाकरी दिली, आणि ती गोष्ट आम्ही विसरून गेलो.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, सुक्या खोबऱ्याची वाटी फोडताना पाट्याचे दोन तुकडे झाले. आतला भंग सरळ होता, आणि त्याच्या एका कडेला जुनाट, मातकट रंगाचा पट्टा होता, म्हणजे चीर कितीतरी आधीपासून आत होती. तो तुकडा हातात धरून आजी बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, “त्या बाईच्या अंगात काहीतरी आहे.”

पुढच्या वेळी ती बाई आली तेव्हा आजीने तिला पाटावर बसवले, हळदकुंकू लावले, खणानारळाने तिची ओटी भरली, आणि मग आवाज खाली आणून विचारले, “आमच्या धाकटीचं कधी जमेल, तेवढं सांग.” माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाची त्या वर्षी घरात फार काळजी होती. त्या बाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती घाबरल्यासारखी झाली आणि म्हणाली, “मला दगडाचं कळतं, आई. माणसाचं न्हाई कळत.”

हे वाक्य मी गेली चाळीस वर्षे मनात बाळगून आहे. आजी भोळी होती असे मला त्या वेळी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तिने जे पाहिले ते खरोखर विलक्षण होते. जे डोळ्यांना दिसत नव्हते, बोटांना लागत नव्हते, ते त्या बाईने ओळखले होते आणि दोन वर्षे आधी सांगितले होते. आजीने केले ते इतकेच, की त्या ज्ञानाची कड कुठे संपते हे तिला दिसत नसल्यामुळे तिने ती कड फार दूरवर, थेट आत्याच्या लग्नापर्यंत नेऊन ठेवली. ज्याला दगडाच्या पोटातले कळते त्याला नशिबाच्या पोटातले का कळू नये? स्वतःच्या ज्ञानाची कड ठाऊक होती ती फक्त त्या बाईला. एखादी भोंदू स्त्री असती तर तिने त्या क्षणी लग्नाची तारीख सांगून टाकली असती. तिने ओटीतला नारळ तसाच ठेवून आपली कड दाखवली, आणि जाणतेपण म्हणजे काय हे मला त्या दिवशी जितके समजले तितके पुढे कोणत्याही वर्गात समजले नाही.

महाराष्ट्रात दगडाचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे देवत्व वारंवार आले आहे. जरा जुने, काळ्या पाषाणाचे देऊळ दिसले की गावातले कोणीतरी सांगते की हे पांडवांनी एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले. अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी ही कथा आजही सांगितली जाते, वास्तविक त्या मंदिरातच शिलाहार काळातला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. चुन्याशिवाय दगडाला दगड बसवून उभ्या केलेल्या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, पण त्यांतली अनेक देवळे देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री जन्मण्याच्या कितीतरी आधीची आहेत. त्या हेमाद्रीलाही लोकांनी माणूस राहू दिले नाही. तो लंकेला गेला, त्याने बिभीषणाला दुखण्यातून बरे केले आणि मोबदला म्हणून राक्षस मागून आणले, त्या राक्षसांनी ही देवळे रचली, अशी कथा रूढ झाली.

या कथांमध्ये रात्रच का असते, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटते, रात्र म्हणजे कोणी पाहिले नाही अशी वेळ. डोंगर होता हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि आज देऊळ आहे हेही त्याला दिसते. मधली वर्षे, मधली माणसे, त्यांच्या चुका, त्यांची शिकण्याची पद्धत, त्यांच्या धाकट्या मुलांनी वाहिलेली खपल्यांची घमेली, यांतले काहीच त्याच्या डोळ्यांसमोर नसते. तो न दिसलेला काळ दुमडून दुमडून एका रात्रीएवढा होतो, आणि इतके मोठे काम एका रात्रीत व्हायचे तर ते करणारा माणूस असून चालत नाही. कोंबड्याचे आरवणे हे अपुरेपणाचे कारण म्हणून येते. आश्रयदाता वारला, राज्य बदलले, पैसा संपला किंवा खडकात दोष निघाला, ही खरी कारणे कोणाला सांगता आली नाहीत म्हणून कोंबडा आला.

आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण तर मला घरचेच आहे. शाळेची सहल पायऱ्या चढून त्रिरश्मी डोंगरावर जाई, आणि आम्हाला सांगितले जाई की वनवासात पांडव इथे राहिले. तिथल्या बुद्धमूर्तींना लोक पिढ्यानपिढ्या धर्मराज आणि भीम म्हणत आले होते. आम्ही मुले भिंतींवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत असू. ती अक्षरे खोल, ठसठशीत आणि उघड्यावर होती. ती वाचता येत नाहीत याचे कोणालाच काही वाटत नव्हते, कारण पांडवांचे लिहिणे आपल्याला वाचता येईल अशी अपेक्षाच नव्हती.

ती अक्षरे ब्राह्मी लिपीतली आहेत हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले, आणि त्यांचा अर्थ वाचला त्या दिवशी मी दुसऱ्याच सकाळी एकटी पुन्हा डोंगर चढून गेले. १० व्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात म्हटले आहे की त्याने ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, ठेवली आहे. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या, २० भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. मी पायरीवर बसून वहीत हिशेब केला. २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे बरोबर २४०. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हिशेब माझ्या वहीत दमडीचाही फरक न पडता जुळला.

माझ्या अंगावर त्या दिवशी जो काटा आला, तसा पांडवांची गोष्ट ऐकताना कधी आला नव्हता. ज्या गावाचे नाव मी रोज ऐकत होते त्या गोवर्धनच्या विणकरांची पत इतकी होती की एका राजाच्या जावयाने त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवावी. तो डोंगर अचानक माणसांनी भरून गेला. दिसत नव्हते ते दिसू लागले, आणि दाखवणारी विद्या फक्त लिपी वाचण्याची होती. ती विद्या आपल्याकडून शेकडो वर्षे हरवली होती. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७ साली सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख समोर ठेवून त्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे ‘दानं’ अशी लावली, आणि तिथून ब्राह्मी उलगडली. पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी उन्हातान्हात डोंगर चढून आपल्याकडच्या लेण्यांतल्या लेखांचे ठसे घेतले, पाठ सिद्ध केले. इतक्या शतकांच्या मौनानंतर प्रथम ओळखू आलेल्या शब्दांत ‘दान’ हा शब्द असावा याला मला फार मोल वाटते. कोणा माणसाने कोणा माणसांसाठी काही दिले, एवढेच तो शब्द सांगतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे तिथल्या लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहात, एक लेख याहून लहान आहे आणि मला याहून प्रिय आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केले, एवढाच त्याचा आशय. त्या दारातून आत गेले की वर छताला सागवानी कमानी अजून आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षे झाली तरी आहेत. देवाच्या नावावर सहज गेले असते असे हे काम, पण त्यावर एका सुताराने स्वतःचे आणि बापाचे नाव राहू दिले.

आता वेरूळ. ज्याला आपण कैलास म्हणतो त्या १६ व्या क्रमांकाच्या लेण्यापुढे मी आजवर पाच वेळा उभी राहिले आहे आणि प्रत्येक वेळी पहिली काही मिनिटे मला आजीचेच वाक्य आठवले आहे, यांच्या अंगात काहीतरी होते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. डोंगराच्या उतारात तिन्ही बाजूंनी चर खणून मधला खडक मोकळा केला आहे आणि त्या एका खडकातून देऊळ, मंडप, नंदीमंडप, ध्वजस्तंभ, हत्ती, सगळे वरून खाली कोरत आणले आहे. मागच्या बाजूला कड्याची उंची शंभर फुटांच्या वर जाते. किती दगड काढला याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण त्यांतला लहानात लहान अंदाजही लाख टनांच्या पुढचा आहे.

वरून खाली येण्यात किती शहाणपण होते ते हळूहळू लक्षात येते. पायापासून चढवत नेलेल्या देवळाला परांच्या लागतात, दगड वर चढवावे लागतात. इथे कारागीर डोंगराच्या माथ्यावर उभा राहून शिखराला हात घालतो, आणि त्याच्या पायाखालचा न कोरलेला खडक हीच त्याची परांची असते. काम खाली सरकते तशी ती परांचीही खाली सरकते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की इथे चुकीला जागा नाही. बांधीव देवळात फुटलेला दगड बदलता येतो, कोरीव देवळात शिखराजवळ गेलेला तोल खालपर्यंत सोबत येतो. म्हणून शिखराचा पहिला घाव घालण्यापूर्वी खालच्या हत्तींची जागा कोणाच्या तरी मनात किंवा कशावर तरी आखलेली असलीच पाहिजे.

ही आखणी आकाशातून पडलेली नव्हती. कर्नाटकात पट्टदकल इथे चालुक्यांच्या राणीने आठव्या शतकाच्या मध्यावर बांधवलेले विरूपाक्ष मंदिर पाहिले, तर कैलासाचा आराखडा त्याच्याशी नाते सांगतो हे सामान्य प्रेक्षकालाही दिसते, आणि त्या मंदिराचे नाते आणखी दक्षिणेला कांचीच्या पल्लवांच्या देवळांशी आहे. विरूपाक्षाच्या सूत्रधाराचे, म्हणजे मुख्य स्थपतीचे, नाव तिथल्या शिलालेखात आहे, गुंड अनिवारिताचारी. त्याला त्रिभुवनाचार्य अशी पदवी दिल्याचेही त्या लेखात आहे. म्हणजे ज्या पिढीने चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांकडे जाताना पाहिले, त्याच पिढीच्या आगेमागे कैलासाचे काम उभे राहिले. राज्य घेणाऱ्याने विद्याही घेतली, किंवा विद्या जाणणारी माणसे नव्या धन्याकडे आली. दख्खनचा डोंगर कोरण्याची विद्या तर इथे त्याच्याही जवळजवळ हजार वर्षे आधीपासून होती. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरून झालेला हा खडक, त्यात काळा घट्ट पाषाण कुठे, मांजऱ्या कुठे, मुरूम कुठे, हे विहिरी खणणारी आमची माणसे आजही बोलण्याबोलण्यात सांगतात. अजिंठ्यातली अपुरी राहिलेली लेणी पाहिली की काम कसे चाले ते उघड दिसते. छत आधी, मग खांबांचे ओबडधोबड ठोकळे, मग त्यांच्यातून काढलेल्या गल्ल्या, आणि सगळ्यात शेवटी नक्षी. पूर्ण झालेले लेणे आपल्याला थक्क करते, अपुरे राहिलेले लेणे आपल्याला शिकवते. अजिंठ्याचे २४ वे लेणे बहुतेक लोक घाईने ओलांडून जातात. मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबते.

कैलास पूर्ण झाल्यावर पन्नासेक वर्षांतच त्याच्याविषयी काय बोलले जात होते याची एक नोंद शिल्लक आहे. गुजरात शाखेचा राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याचा शके ७३४ चा ताम्रपट बडोद्यास मिळाला. रा. गो. भांडारकरांनी त्यातल्या श्लोकांचा अर्थ लावून ते वर्णन एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, कृष्णराजाने करवलेल्या देवळाचे आहे हे दाखवले. त्या श्लोकांचा आशय असा, की विमानांतून जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क झाले आणि हे स्वयंभूच असले पाहिजे, केलेल्या वस्तूत अशी शोभा दिसत नाही, असे आपसात म्हणू लागले. आणि पुढे त्याच्यापेक्षाही मोठी गोष्ट येते. ज्या शिल्पकाराने ते घडवले, त्यालाही पुन्हा तसे करणे साधेना, आणि हे मी केले तरी कसे, असे तो आश्चर्याने उद्गारला.

प्रशस्ती लिहिणाऱ्या कवीची ही अतिशयोक्ती आहे हे मला समजते. तरीही मला या उद्गारात काहीतरी खरे सापडते. ज्याने काही मोठे केले आहे त्याला ते करताना आपण काय काय जाणत होतो हे सगळे शब्दांत कधीच सांगता येत नाही. हात पुढे जातात, मन मागून येते. माझ्या ओळखीचे एक वृद्ध वैद्य होते. त्यांनी नाडीवर बोट ठेवून जे ओळखले ते त्यांना नंतर समजावून सांगता येत नसे, आणि त्याचे त्यांना स्वतःलाच वाईट वाटत असे. ज्ञान खूप मुरले की ते जाणणाऱ्यालाही परके वाटू लागते, तेव्हा पाहणाऱ्याला ते दैवी वाटले तर त्याचा दोष किती मानावा?

पण त्या ताम्रपटात राजाचे नाव आहे, देवांचे विमान आहे, शिल्पकाराचा उद्गारही आहे. शिल्पकाराचे नाव नाही. माझे दुखणे हेच आहे. स्वयंभू हा शब्द वापरताना आपण सर्वांत मोठी स्तुती करत आहोत असे वाटते, आणि त्याच एका शब्दाने घडवणारा पुसला जातो. कोणी केलेच नाही, ते आपोआप झाले, असा त्याचा अर्थ होतो.

लोककथांनी नेहमीच असे पुसले आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण कैलासाच्या बाबतीत एका जुन्या मराठी आख्यानाने ताम्रपटापेक्षा अधिक जपले आहे. राजा आजारी पडला, राणीने नवस केला की तो बरा झाल्यावर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण शिखर व्हायला कितीतरी वर्षे लागणार, आणि तोवर राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने डोंगरात शिखरापासूनच काम सुरू केले, आणि राणीला थोड्याच दिवसांत शिखर दाखवले. या कथेत नवस आहे, उपास आहे, देव आहे, पण चमत्कार नाही. चमत्काराच्या जागी एका माणसाची युक्ती आहे, आणि ती युक्ती अगदी खरी आहे, कारण देऊळ खरोखरच शिखरापासून खाली झाले आहे. ज्यांनी ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली त्यांच्यापैकी बहुतेकांना ना खडकाचे थर ठाऊक असतील ना चरांची मापे, पण कामाचा कणा त्यांनी नीट धरून ठेवला, आणि त्या माणसाला नाव आणि गावही दिले.

त्याच डोंगरातल्या १० व्या लेण्याला लोक सुतारझोपडी म्हणतात, विश्वकर्माही म्हणतात. आत बुद्धाची मोठी बैठी मूर्ती आहे आणि वर दगडात कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत. एके काळी सुतार लोक तिथे येऊन त्या मूर्तीला विश्वकर्मा मानून पूजा करत, आणि उपदेशाच्या मुद्रेत एकत्र आलेली तिची बोटे पाहून, काम करताना लागलेले बोट त्याने धरून ठेवले आहे, असे सांगत असल्याचे जुन्या प्रवाशांनी नोंदवले आहे. इतिहासाच्या दृष्टीने हे चूक आहे. तरीही या चुकीवर माझा जीव आहे. त्या सुतारांनी छताकडे पाहिले आणि हे आपल्या धंद्याचे काम आहे हे बरोबर ओळखले. मग त्यांनी त्या मूर्तीला देव केले, पण असा देव, की ज्याच्या बोटाला हत्यार लागते.

आज नवीनच एक गोष्ट ऐकू येते. कैलास माणसांनी केलेला नाही, परग्रहावरून आलेल्या कोणीतरी अज्ञात यंत्राने कोरला, असे सांगणाऱ्या चित्रफिती घरोघरी फिरतात. माझ्या नात्यातल्या एका हुशार, अभियंता झालेल्या मुलाने मला तशी एक चित्रफीत पाठवली आणि विचारले, हे खरे असेल का? मी त्याला रागावले नाही. मी त्याला विचारले, की तिथल्या भिंतींवर टाकीच्या घावांचे पट्टे तू पाहिलेस का? ज्यांच्याकडे दुसऱ्या ग्रहावरून येण्याचे सामर्थ्य आहे ते लोखंडाच्या टाकीने खडक का टिपत बसतील? तो पुढच्या सुटीत गेला आणि त्या घावांची छायाचित्रे काढून घेऊन आला. आजीची श्रद्धा आणि या चित्रफिती यांत मला एक फरक दिसतो आणि तो मला गंभीर वाटतो. आजीने दैवी मानले ते समोर बसलेल्या बाईला, आणि तिच्या कपाळाला कुंकू लावले. चित्रफितींतले देवत्व मात्र इथल्या माणसांकडून काढून घेऊन न पाहिलेल्या कोणाला तरी दिले जाते, कारण इथल्या काळ्या, उघड्या अंगाच्या, निरक्षर माणसांना हे जमले असेल यावर विश्वास बसत नाही.

आमच्या वाड्यातही हा अविश्वास होता, हे मला लिहिले पाहिजे. टाकीवाली आली की आजी ओसरीवर येई, आणि त्याच वेळी समोरच्या दोन घरांची दारे लागत, अंगणात वाळत घातलेली पितळी भांडी आत जात. दगडाला टाकी लावत, खाणीत घण मारत गावोगाव फिरणाऱ्या जमातींपैकी काहींवर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमात असा शिक्का मारला होता. जन्मलेले मूलही त्या कायद्याच्या लेखी गुन्हेगारच. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण माझ्या लहानपणी, त्यानंतर कित्येक वर्षांनीही, आमच्या बोळातली दारे लागतच होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण दगडाविषयी म्हणतो. ती टाकी ज्या हातात होती त्या हाताला आपण कधी अंगात आलेली समजलो, कधी चोर समजलो. तिला शिक्षिका समजून, ते ऐकायचे कसे ते मला शिकव, असे आमच्या वाड्यात कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही. मी सहा-सात वर्षांची होते, पण पुढे पंधरा वर्षांची झाले तेव्हाही ती येत होती, आणि तेव्हाही मी विचारले नाही. मग स्वयंपाकघरात मिक्सर आला आणि तिची हाळी थांबली.

गेल्या हिवाळ्यात सिन्नरला गोंदेश्वराचे देऊळ पाहून परत येताना रस्त्याकडेला पाटे-वरवंटे, उखळ आणि तुळशीवृंदावने मांडून बसलेल्या एका पाथरवटापाशी मी गाडी थांबवली. मी पाटा घ्यायला आले असे त्याला वाटले. मी त्याला पाट्याच्या पोटातल्या चिरेची गोष्ट सांगितली आणि विचारले, हे ऐकायचे कसे ते मला दाखवाल का? तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन पाटे बाहेर काढले, एकेक मातीच्या ढेकळावर तोलून ठेवला, आणि हातोडी माझ्या हातात दिली. “धरू नका घट्ट, ताई. तिची तिला पडू द्या.” मी ठोकले. एक खणखणीत वाजतो आणि एक बद्द वाजतो असे तो म्हणत होता, आणि मला दोन्ही सारखेच वाटत होते. त्याने पुन्हा ठोकायला लावले, मग कडेला, मग मधोमध. मला काही कळेना. त्याने मला त्याच्या बायकोशेजारी बसवले, ती नव्या पाट्याला टाकी लावत होती, आणि म्हणाला, “आधी नुसतं ऐका हिचं.” मी अर्धा तास नुसते ऐकले. ट्रक जात होते, वारा होता, आणि त्या सगळ्याखाली टाकीचा आवाज होता. काही वेळाने तो एके ठिकाणी किंचित बदलतो आहे असे मला वाटले, पुढे गेला की पुन्हा पहिल्यासारखा होतो आहे असेही वाटले, पण खात्री नव्हती.

मग त्याने माझ्यापुढे चार पाटे ठेवले आणि काही न सांगता बाजूला उभा राहिला. मी एकेकावर ठोकत गेले. तिसऱ्यावर हात थांबला. मी पुन्हा ठोकले आणि त्याच्याकडे पाहून म्हणाले, “हा?” त्याने उत्तर दिले नाही. तो खाली बसला, मान कलती केली, बोटाच्या पेराने त्या पाट्यावर दोनदा ठोकले, ऐकले, आणि तो पाटा उचलून मागच्या बाजूच्या फुटक्या दगडांच्या ढिगावर नेऊन ठेवला.